एक जूनचा खण

सबनीसला पहिल्यांदा पाहिलं त्याच दिवशी मला कळलं होतं की हा माणूस काहीतरी मोडून ठेवणार. काय मोडणार एवढंच ठरायचं होतं. पहिल्याच बैठकीत त्यानं खुर्च्या बाहेर काढायला लावल्या आणि आम्हा सगळ्यांना उभं केलं. उभ्यानं डोकं जोरात चालतं म्हणे. माझे गुडघे दुखतात. मी एकटीनं खुर्ची परत आत आणली आणि बसले.

कोल्हापूरच्या स्मरणसेवा महामंडळात मी डेटाबेस सांभाळते. त्रिशला पाटील. माहेरचीही पाटील आणि सासरचीही पाटीलच. आमच्या शिरोळ तालुक्यात दुसरं आडनाव मिळायला नशीब लागतं. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे. समीहन सबनीस हा महामंडळाचा नवा मुख्य डिजिटल अधिकारी, म्हणजे माझा साहेब. पुण्याहून आलेला, कोरलेली दाढी, आणि दर दोन वाक्यांमागे एकदा 'सिंपल आहे'.

महामंडळाचं काम मात्र सिंपल नाही. ज्यांना विसरण्याचा आजार जडलाय अशा म्हाताऱ्या माणसांच्या कानामागे आम्ही नखाएवढी पट्टी लावतो. माणूस काही आठवायची धडपड करतो तेव्हा त्याच्या मेंदूत एक ठरावीक लहर उठते. पट्टी ती पकडते आणि आमच्या सर्व्हरला विचारते. सर्व्हर त्या माणसाच्या साठवलेल्या आठवणींतून जुळणारी शोधून देतो, आणि पट्टी ती बारीक विजेच्या ठोक्यांनी मेंदूत परत उमटवते. माणसाला वाटतं, आपल्यालाच आठवलं. आजाराच्या सुरुवातीला, डोकं शाबूत असताना, पट्टी नुसती टिपून घेते. पुढे जे नवं घडेल तेही टिपत राहते. आठवण कुठून आली याच्याशी मेंदूला काही देणंघेणं नसतं. आपली की शेजाऱ्याची, हे त्याला कळत नाही. उमटली ती आपली.

या सगळ्या आठवणी एका प्रचंड टेबलात राहतात. टेबल म्हणजे कपाट समजा. एवढं मोठं कपाट एकसंध ठेवलं तर काही सापडणार नाही, म्हणून त्याला खण पाडतात. त्याला आम्ही पार्टिशन म्हणतो. आमचे खण वर्षवार होते: ज्या वर्षी आठवण टिपली, त्या वर्षाच्या खणात. सुरुवातीला ठीक होतं. पण एका माणसाच्या आठवणी आठ-दहा वर्षांत विखुरल्या, की एक नाव शोधायला तेवढे खण उघडावे लागतात. आजोबा नातवाच्या तोंडाकडे बघत राहायचे आणि नाव यायच्या आत पोरगं खेळायला पळून जायचं. खण नव्यानं पाडणं भाग होतं, आणि तेही एकही आठवण न सांडता.

मी म्हटलं, "प्रत्येक रुग्णाला क्रमांक आहे. क्रमांकावरून खण पाडू. एका माणसाचं सगळं एका खणात येईल आणि सगळे खण सारखे भरतील."

सबनीस हसला. त्याला माझ्यासारख्या बायकांकडे बघून हसायची सवय आहे. "त्रिशला मॅडम, माणूस म्हणजे क्रमांक नाही. आपण मानवकेंद्री व्हायचंय. जन्मतारखेवरून खण. प्रत्येक दिवसाचा एक. संचालक मंडळाला वयोगटांचे सुंदर आलेख दाखवता येतील. सिंपल आहे."

"साहेब, आपल्या निम्म्या रुग्णांची जन्मतारीख एक जून आहे."

"म्हणजे?"

आता याला काय सांगायचं? खेड्यातल्या बापानं पोराला शाळेत घातलं. गुरुजींनी विचारलं, जन्म कधीचा? बाप म्हणाला, गुऱ्हाळं चालू होती तेव्हाचा. गुरुजींनी एक जून लिहिलं, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि वय हिशेबात बसायचं. माझे वडील एक जूनचे, काका एक जूनचे, आमच्या गल्लीतले सगळे म्हातारे एक जूनचे. निवृत्तीसुद्धा सगळ्यांची एकाच दिवशी झाली, कारखान्यात हार कमी पडले होते.

मी हे सगळं सांगितलं. सबनीस म्हणाला, "एका दिवशी इतकी माणसं कशी जन्मतील? स्टॅटिस्टिकली अशक्य आहे." त्याच्या स्वतःच्या दाखल्यावर इस्पितळाचं नाव आणि मिनिटासकट वेळ आहे. जगातला प्रत्येक माणूस तसाच जन्मतो, असं त्याला मनापासून वाटत होतं. एवढं शिकून माणसाला आपलाच देश ठाऊक नसावा, याची मला कीव आली असती. पण कीव करायला समोरच्यात थोडा तरी संकोच असावा लागतो.

कपाट बदलायची एक रीत असते. जुन्याशेजारी नवं उभं करायचं. जुन्यातलं थोडं थोडं नव्यात उतरवायचं. मधल्या काळात येणारी नवी आठवण दोन्हीकडे लिहायची. शेवटी दोन्हीकडची मोजदाद घालायची, जुळली तरच नव्यावर पाटी लावायची, आणि जुनं लगेच फोडायचं नाही. सबनीसनं यातलं 'नवं उभं करायचं' तेवढं घेतलं. बाकीचं त्याच्या यंत्र-सहायकानं लिहून दिलं, आणि यानं ते न वाचता चालवलं.

त्या लिखाणात काय होतं ते थोडक्यात सांगते. डेटाबेसचा नियम असा, की ज्याच्यावरून खण पाडायचे ते नोंदीच्या ओळखीतही असावं लागतं. म्हणून ओळख नव्यानं बांधली: पूर्ण नाव, जन्मतारीख, तालुका. क्रमांक काढून टाकला, कारण मानवकेंद्री. एकाच ओळखीच्या दोन नोंदी आल्या तर? आठवणींसाठी लिहिलं होतं, आधीची ठेवा, नंतरची सोडून द्या. पट्ट्यांच्या यादीसाठी नेमकं उलटं, नंतरची ठेवा, आधीची पुसा. आणि हे सगळं बिनबोभाट. कुठे लाल अक्षर नाही, कुठे घंटी नाही.

नव्यावर पाटी लागल्यावर मी मोजदाद घातली, ती जुळली नाही. नव्यात आठवणी कमी भरल्या, चांगल्या घसघशीत कमी.

"डुप्लिकेट गेले," सबनीस म्हणाला. "चांगलंच झालं की. कपाट हलकं झालं. पुढच्या शनिवारी संचालकांपुढे सादरीकरण आहे, त्याआधी जुनं टेबल पुसून टाका. वाचलेली जागा मला स्लाइडवर दाखवायचीय."

मी 'हो' म्हणाले आणि पुसलं नाही. जुने खण कपाटातून सोडवून बाजूला ठेवले. दिसायला कपाट गेलं, खण मात्र जिथल्या तिथे. कोणाच्या आठवणी गेल्या ते शोधत बसले, पण यादी लांबलचक होती आणि त्यातली नावं एकमेकांसारखी.

त्या रविवारी मी उदगावला गेले, आईवडिलांकडे.

माझे वडील, आण्णा, बाळगोंडा आदगोंडा पाटील. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर जन्म गेला. काट्यावर बसून बसून माणूसही काट्यासारखा झाला. जेवढं समोर आलं तेवढंच सांगायचं, वर शब्द नाही. आईशी तर त्याहून कमी. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी तिला 'ए' सोडून दुसरी हाक मारलेली मी ऐकली नाही. ताट समोर आलं की म्हणायचे, 'मीठ कमी हाय'. हा त्यांचा आशीर्वाद. तीन वर्षांपूर्वी विसरायला लागले तेव्हा मीच पट्टी लावून घेतली. माझ्याशी मात्र बरे होते. मी आले की म्हणायचे, 'आलीस? गाडी सावलीला लाव.' तेवढं मला पुरायचं.

मी अंगणात शिरले. आण्णा आईच्या शेजारी पायरीवर बसले होते. शेजारी! आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. आण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोण गं बाई तू? बँकेतनं आलीस काय?"

"आण्णा, मी त्रिशला."

"कोण त्रिशला? इंदू, बघ गं कोण आलंय. च्या टाक तिला. आणि तू जेवलीस काय? ऊन कलायला लागलं."

आम्ही जैन, आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवतात. आई सगळ्यांना वाढून शेवटी उभ्या उभ्या दोन घास खायची, तोवर अंधारायला यायचं. कित्येकदा तशीच उपाशी झोपायची, कारण अंधारात खायचं नाही. 'जेवलीस काय' असं तिला त्या घरात कोणीच विचारलेलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

स्वयंपाकघरात मी आईला धरलं. "इंदू कोण?"

"मी," आई म्हणाली. तिच्या गालावर लाली होती. तिचं नाव पद्मावती.

"आई!"

"आठवड्याभरापास्नं असंच चाललंय. इंदू म्हणत्यात. नाव चुकीचं हाय, पण नावानं हाक तर मारत्यात." तिनं चहाला आधण ठेवलं. "काल म्हणाले, सायकलीवर बसवून तुला वाडीला नेलतं, घाटावर बसून कवठाची बर्फी खाल्ली, उरलेली तू पदराला बांधलीस आणि मुंग्या लागल्या. मी कधी गेलो गं ह्यांच्यासंगं वाडीला? पण मी व्हय म्हणालो. म्हटलं, मुंग्या लई होत्या." (आमच्याकडे बायका 'मी गेलो'च म्हणतात. बाहेरच्यांनी हसू नये.)

मला सगळं लख्ख कळलं, आणि सबनीसच्या नावानं जी शिवी आली ती आईपुढे देता आली नाही म्हणून गिळली.

कोल्हापूरला येऊन जुने खण उघडले. शिरोळ तालुक्यात दुसरा बाळगोंडा आदगोंडा पाटील होता. घालवाडचा. जन्मतारीख अर्थातच एक जून, सालही तेच. आमच्याआधी नोंदलेला, म्हणून आठवणी त्याच्या राहिल्या आणि आण्णांच्या सोडून दिल्या गेल्या. पट्ट्यांत मात्र नंतरची राहिली, म्हणजे आण्णांची. थोडक्यात, त्याचं आयुष्य आण्णांच्या डोक्यात उमटत होतं, आणि त्याच्या स्वतःच्या डोक्यात काहीच नाही. त्याच्या घरून तीन तक्रारी आल्या होत्या. तिन्हींवर एकच उत्तर: 'सदर रुग्ण आमच्या नोंदीत अस्तित्वात नाही.'

मी सबनीसच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं, माझे वडील आहेत हेही सांगितलं. तो सादरीकरणाच्या रंगात होता. निळा चांगला की हिरवा.

"ओके. तुमच्या वडिलांची तक्रार आहे?"

"त्यांना कळतंय कुठे?"

"आईंची?"

मला आईचं ठेवणीतलं लुगडं आठवलं.

"म्हणजे यूजर समाधानी आहे." त्यानं हिरवा निवडला. "मॅडम, दोन-चार केसेससाठी आपण अख्खं मायग्रेशन मागे नेणार का? त्या दुसऱ्या गृहस्थांना नवी नोंदणी करू दे. जुनं टेबल पुसलंत ना?"

"नवी नोंदणी कसली करणार? त्यांच्या डोक्यात टिपण्यासारखं उरलंय काय?"

"बी पॉझिटिव्ह," सबनीस म्हणाला. हे दोन शब्द म्हणणाऱ्या माणसाच्या डोक्यात काय असतं, हे बघायला एकदा त्यालाच पट्टी लावावी असं मला वाटलं. पट्टीला काही सापडलं नसतं.

दोन-चार केसेस नव्हत्या. एक जूनच्या त्या एका खणात अर्धा जिल्हा कोंबला होता, आणि आमच्या भागात आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, त्यामुळे बाळगोंडे, बाबगोंडे, आदगोंडे एकावर एक रचलेले. बाकी सगळ्यांचं मी परत लावणार होतेच, साहेब काहीही म्हणो. पण आमच्या घरचं लावायच्या आधी आईला सांगणं भाग होतं. मंगळवारी रजा टाकून परत उदगाव गाठलं.

आईनं ऐकून घेतलं. हातातली शेंग सोलत राहिली. मग म्हणाली, "नको लावूस."

"आई, अगं तो दुसऱ्याचा माणूस आहे."

"माणूस माझाच हाय. डोकं दुसऱ्याचं हाय. पन्नास वर्षं माणूस बी माझा आणि डोकं बी माझ्या माणसाचं, काय मिळालं मला? 'मीठ कमी हाय'."

"आण्णा मला ओळखत नाहीत, आई. मी आले की विचारतात, बँकेतून आलीस का."

तेव्हा आईनं शेंगांची परडी खाली आपटली. तिला इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "तुला बाप पायजे, व्हय? आणि मला नवरा नको? तू आठवड्यातनं एकदा येतीस, गाडी सावलीला लावतीस आणि जातीस. राहतंय कोण ह्यांच्यासंगं?"

जिभेची मी तिखट आहे, पण ती तिखट जीभ सबनीससारख्यांसाठी. बाहेर पायरीवरून आण्णांचा आवाज आला, "इंदू, आत काय करालीस? वारं सुटलंय बघ, ये बाहेर." आई उठली नाही. परडीतल्या शेंगांकडे बघत बसली.

सांडलेली एक शेंग परडीत टाकत म्हणाली, "ती इंदू कुठं असती?"

"घालवाडला."

"मला ने तिच्याकडं."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकूंना आण्णांजवळ बसवून आम्ही निघालो. घालवाड काही लांब नाही. घर साधं, दारात जास्वंद. इंदूबाई आईच्याच वयाच्या, अंगानं बारीक. मी महामंडळाची आहे म्हटल्यावर त्यांनी हात जोडले. तक्रारीवरून आलात काय, म्हणाल्या. त्या जोडलेल्या हातांकडे बघून मला महामंडळाची, सबनीसची आणि त्याच्या हिरव्या आलेखांची किळस आली.

घालवाडचे बाळगोंडा पाटील खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. उंच माणूस, हात कामाचे. कानामागे आमचीच पट्टी, तिचा हिरवा दिवा बंद.

"आता बघा," इंदूबाई म्हणाल्या आणि नवऱ्याच्या जवळ गेल्या. "अहो, मी इंदू. पोरंबाळं न्हाईत आपल्याला, दोघंच हाय आपण. आठवतंय काय?"

त्यांनी मान वळवली. डोळे सभ्य होते, परक्या बाईकडे बघावं तसे. "बाई, तुमचं माणूस कुठं गेलंय?" त्यांनी विचारलं. "सांजेच्या आत घरी जावा. ते वाट बघत असतील."

इंदूबाई आमच्याकडे वळल्या. "रोज हेच. मी रोज सांगतो, सायकलीवरनं वाडीला गेलतो ते सांगतो, तर म्हणत्यात, बाई मी न्हवं तो."

आई इतका वेळ उंबऱ्यातच उभी होती. ती एकदम म्हणाली, "बर्फी पदराला बांधली हुती का वो तुम्ही?"

इंदूबाई थबकल्या. "कवठाची. मुंग्या लागल्या तिला. तुम्हाला कुणी सांगितलं?"

आई बाहेर जाऊन गाडीत बसली. घालवाडची शीव ओलांडली. मग म्हणाली, "परत दे तिचं तिला. दुसरीच्या ताटातलं खाल्लं मी इतके दिवस. गोड लागलं म्हणून कळलं न्हाई."

"आई..."

"दे म्हटलं की दे. परत विचारू नको, न्हाईतर मी न्हाई म्हणंन."

गुरुवारी दुपारी, सबनीस सादरीकरणाचा सूट आणायला गेला असताना, मी कामाला लागले. परवानगी मागितली नाही. मूर्खाकडे परवानगी मागणं म्हणजे त्याला शहाणा ठरवणं. त्याचे जन्मतारखेचे खण मी तसेच ठेवले, नाहीतर त्यानं आरडाओरडा केला असता. ओळखीत फक्त क्रमांक परत घातला. एक जूनचा तो सुजलेला खण आतून क्रमांकानं लहान लहान कप्प्यांत तोडला. बाजूला ठेवलेल्या जुन्या खणांतून सुटलेल्या आठवणी क्रमांक बघून ज्याच्या त्याच्या जागी उतरवल्या. पट्ट्यांची यादी दुरुस्त केली. मोजदाद घातली, जुळेपर्यंत घातली.

एक गोष्ट अडली. मधल्या दिवसांत आण्णांच्या पट्टीनं नवं टिपलेलं होतंच: पायरीवरचं बसणं, वारं, 'जेवलीस काय'. हे ठेवायचं कुठे? इंदूबाईंच्या नवऱ्याच्या आठवणींनी चाललेलं डोकं, पण बोललं आण्णांचं तोंड, आणि ऐकलं आईनं. प्रत्येक नोंदीवर ती टिपणाऱ्या पट्टीची खूण असते. खूण आण्णांच्या पट्टीची होती. सबनीस असता तर म्हणाला असता, कचरा आहे, उडवा. मी ते आण्णांच्या कप्प्यात ठेवलं. त्या सगळ्या नोंदींत आईच्या जागी 'इंदू' होतं. तिथे 'पद्मावती' घालायला मला काही क्षण पुरले असते, आणि कोणालाही कळलं नसतं. हात तिथवर गेलाही. पण मग मी आणि सबनीस यांत फरक काय राहिला? माणूस जे जगलाच नाही ते त्याच्या डोक्यात घालायचा हक्क मला कोणी दिला? मी हात मागे घेतला आणि इतकं रडू आलं की टेबलावर डोकं टेकून बसले.

शनिवारी सबनीसनं संचालकांपुढे हिरवे आलेख दाखवले. 'शून्य डेटा हानी' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. त्याला शाल आणि श्रीफळ मिळालं. जुनं टेबल पुसलंत ना, असं त्यानं मला जाता जाता विचारलं, आणि माझं उत्तर न ऐकता फोटोसाठी उभा राहिला. त्या फोटोत तो छान दिसतो. श्रीफळही छान दिसतं, दोघांत आतून भरलेलं कोण, याची पैज लावता येईल.

घालवाडहून शुक्रवारीच फोन आला होता. इंदूबाई बोलत नव्हत्या, नुसत्या हुंदके देत होत्या, आणि मागून एक पुरुषी आवाज विचारत होता, "इंदू, कुणाशी बोलालीस एवढं?"

रविवारी मी उदगावला गेले. आण्णा पायरीवर एकटेच होते.

"आलीस?" ते म्हणाले. "गाडी सावलीला लाव."

मी गाडी सावलीला लावली. खूप वेळ लावला, डोळे पुसून मगच बाहेर आले. आत आई रोजच्या विटक्या लुगड्यात भाकऱ्या थापत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. कशी आहेस विचारलं, तर म्हणाली, "काय व्हायचंय मला."

ऊन कलायला लागलं तशी तिनं पानं मांडली. आण्णांना आणि मला वाढलं. आण्णांनी आमटीत भाकरी कुस्करली, पहिला घास घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मीठ कमी हाय."

आई चुलीकडे वळली.

आण्णांचा दुसरा घास हातातच राहिला. ते दाराबाहेरच्या उन्हाकडे बघत होते. कानामागचा हिरवा दिवा लुकलुकला, म्हणजे पट्टी काहीतरी आणून देत होती. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या तशाच होत्या, आवाजही तोच, काट्यावरचा.

"इंदू," ते म्हणाले, "जेवलीस काय? दिवस मावळालाय."

आईच्या हातातला उलथणा थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं. "हे त्याचं ऱ्हायलंय का ह्यांच्या डोक्यात?"

"नाही," मी म्हटलं. "त्याचं सगळं त्याला दिलं. हे आण्णांचं आहे. तुझ्याशी बोलले होते ना त्या दिवसांत, ते. नाव मी बदललं नाही."

आई उभीच राहिली. मग तिनं पदराला हात पुसले, ताट घेतलं आणि आण्णांच्या समोर पाटावर येऊन बसली. उजेड असताना, त्यांच्याबरोबर. असं ती त्या घरात कधी बसली नव्हती.

"अहो," ती म्हणाली, "इंदू न्हवं. पद्मावती. पद्मावती हाय माझं नाव. म्हणा."

आण्णा तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, ओरडणार.

"म्हणा की."

"पद्मावती," आण्णा म्हणाले. नवीन गावाचं नाव वाचावं तसं, अडखळत. "जेवलीस काय?"

दिवा पुन्हा लुकलुकला. या वेळी आणत नव्हता, टिपत होता.

"आता जेवतो," आई म्हणाली. तिनं भाकरी मोडली आणि मिठाचं भांडं त्यांच्याकडे सरकवलं. "मीठ हितं ठेवलंय. लागंल तेवढं घ्या."